आई आणि इंजिनकाका

१२ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चिमीचं लग्न ठरल्याचं तुझं पत्र आलं आणि घरात इतका आरडाओरडा झाला, की वरच्या मजल्यावरचे लोक काय झालं म्हणून खाली आले. तुझी लेक नवरी होणार म्हणजे मी आता अधिकृतपणे म्हातारा मामा. होणाऱ्या जावयाला सांग, मामाला वचकून राहायचं.

इकडे बागेला यंदा शंभर वर्षं होतायत, त्यामुळे आमच्या ऑफिसात कुणाला मान वर करायला फुरसत नाही. पाहुण्यांना बाग फिरवून दाखवणं हे माझं नेहमीचं काम, पण यंदा शाळांच्या शाळा येतायत. आपण लहानपणी ज्या तळ्यात होडीत बसायचो, ते मुळात तळं नव्हतंच ताई. दगडाची खाण होती. अर्धं शहर त्या खड्ड्यातल्या दगडाने बांधलं. दगड संपल्यावर खाणवाले निघून गेले, खड्ड्यात पाणी साचलं आणि लोक त्यात कचरा टाकायला लागले. मग कुण्या नगराध्यक्षाच्या डोक्यात बागेचं खूळ शिरलं. तळ्याकाठची टेकडी, जिच्यावरून तू मला ढकललं होतंस, ती म्हणजे खाणीचा राडारोडा, वर माती टाकलेली. काचघर, गुलाबांचे वाफे आणि छोटी आगगाडी हे सगळं त्यानंतरचं.

ती आगगाडी चालवणारे इंजिनकाका तुला आठवत असतील. आता निवृत्त झालेत, पण सकाळी बागेत असतातच. मुलं भेटली की तळ्याच्या तळाशी एक देवमासा झोपलाय असं गंभीर चेहऱ्याने सांगतात. मी खरा इतिहास सांगतो, काका खोटा सांगतात आणि लोकांना काकांचाच आवडतो.

आई गुडघ्यांसाठी बागेत फिरायला जाते हे मी कळवलं होतं. गुडघे सुधारले. पण आई घरातून निघताना रोज कपड्यांना इस्त्री करायला लागली, तेव्हा मला काही कळलं नाही, तुझ्या भावजयीला मात्र लगेच कळलं. आता हात थांबायच्या आत लिहून टाकतो. आई आणि इंजिनकाका लग्न करायचं म्हणतायत. काकांना आगेमागे कुणी नाही, दूरगावी एक पुतण्या आहे तेवढाच. तुला सांगायचा आईला धीर होईना, म्हणून मला लिहायला सांगितलंय. मला विचारशील, तर बाबा गेल्यापासून आईला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

रागावलीस तरी पत्र पाठव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

*

२५ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी ऑफिसात उघडलं. शेजारच्या टेबलावरची बाई विचारत राहिली, की घरी सगळं ठीक आहे ना. काय सांगणार तिला?

मी रागावलेली नाही. काय झालंय ते माझं मलाच कळत नाही. आईने एकटं राहावं असं मी कधीच म्हटलं नाही. पण ती एकटी आहे, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. तिला गुडघेदुखी आहे, तिला चष्मा बदलायचाय, तिला तू जपतोस, एवढंच माझ्या डोक्यात. आणि बाबांच्या आरामखुर्चीत दुसरं कुणी बसलंय असं नुसतं मनात आणलं तरी त्या माणसाला उठवावंसं वाटतं.

त्यात चिमीच्या सासूबाई म्हणजे कडक काम. परवा बोलणी करायला आल्या, तर आमच्या खिडक्यांच्या पडद्यांचा रंगसुद्धा त्यांनी नजरेतून सोडला नाही. नवरीची आजीही बोहल्यावर चढतेय हे कळलं तर नवरीचं लग्न आधी की आजीचं, अशी चेष्टा होईल. पोरीला तिथे आयुष्य काढायचंय.

म्हणून मी नाही म्हणत नाही, थांबा म्हणते. जूनमध्ये चिमीचं लग्न होऊन जाऊ दे. मग बघू. लग्नाला काकांना आमंत्रण नाही पाठवत, कारण ते कोण म्हणून सांगायचं हा प्रश्न येतो. आईला हे तूच नीट समजावून सांग. माझ्याच्याने लिहवत नाही.

तुला दोष देत नाही रे. तू माझा तोच शेंबडा धाकटा आहेस.

तुझी,
ताई

*

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आईला सांगितलं. ती मटार सोलत बसली होती. बरं, म्हणाली. सगळे मटार सोलून झाल्यावर विचारलं, थोरली रडलीबिडली का रे? मी म्हटलं, पत्रावरून काय कळणार. मग तीच म्हणाली की लेकीच्या घरचं कार्य म्हणजे तिला धडकी भरलेली असणार, तिला आणखी ताप नको.

दुसऱ्या दिवशी काचघरासमोरच्या बाकावर तिने काकांना सांगितलं. काका हसले म्हणे. आपली गाडी कधी वेळेवर सुटली होती, म्हणून आताच घाई करायची, असं म्हणाले. मग दोघांनी आत जाऊन निवडुंगाला आलेलं फूल बघितलं. आईने घरी येऊन मला त्या फुलाचंच वर्णन सांगितलं, बाकीचं मी खोदून खोदून विचारलं.

आता दोघं रोज बागेचा एकेक कोपरा पायाखाली घालतात. गुलाबांची छाटणी चालू असली की माळ्याला नको ते सल्ले देतात. होडीत मात्र आई बसत नाही, देवमाशाची भीती वाटते म्हणते, आणि काका खूश होतात. बागेत त्यांना कुणी काही विचारत नाही. फाटकापाशी आले की आई उजवीकडे वळते आणि काका डावीकडे. मी ऑफिसच्या खिडकीतून बघतो. एकदाही कुणी मागे वळून बघत नाही, जणू तसं ठरवूनच टाकलंय.

काकांना खोकला लागलाय. टेकडी चढताना दम लागतो, म्हणून टेकडी सध्या बंद.

चिमीच्या खरेदीत स्वतःच्या जेवणाची आबाळ करू नकोस. आठवण असू दे.

तुझा,
धाकटा

*

१४ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुम्ही सगळे परत गेल्यापासून घर खायला उठतंय. चिमी सासरी रमली. सासूबाई दिसतात तेवढ्या कडक नाहीत, रात्रभर पत्ते खेळतात आणि चक्क लबाडी करतात म्हणे.

आज लग्नाचे फोटो आले. तुझा प्रत्येक फोटोत डोळा मिटलेला आहे. पण मी लिहायला बसले ते एका वेगळ्याच फोटोमुळे. फोटोग्राफरने आजी-आजोबांना पुढे बोलावलं होतं, आठवतंय? जावयाचे आजी-आजोबा एकमेकांना सावरत आले आणि आपली आई एकटी येऊन उभी राहिली. हसतेय फोटोत. शेजारी एका माणसाची जागा सोडून उभी आहे रे ती. कुणी सांगितलं होतं तिला जागा सोडायला?

तिथे मी गर्दीत होते, माझ्या काही लक्षात आलं नाही. आता फोटो हातातून खाली ठेववत नाही.

करा लग्न. लगेच करा. मी रजा टाकलीय. साक्षीदार म्हणून सही मीच करणार, तू मध्ये तडमडू नकोस. काकांना सांग, मुलगी भेटायला येतेय. आईला हे पत्र तू वाचून दाखवू नकोस, तिच्याच हातात दे.

तुझ्यावर जीव आहे, तो काही कमी व्हायचा नाही.

तुझी,
ताई

*

२२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काका गेले. तुझं पत्र त्यानंतर आलं.

आम्ही लग्नाहून परतलो तर ते बागेत नव्हते. आईने दोन सकाळी वाट पाहिली आणि मग मला त्यांच्या घरी पाठवलं. शेजाऱ्यांनी त्यांना हॉस्पिटलात नेलं होतं, फुफ्फुसात पाणी झालं होतं. मी आईला घेऊन गेलो. वॉर्डात फक्त घरच्यांना सोडत होते. नर्सने दारातच आईला विचारलं, पेशंटशी नातं काय. आईने माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली, ओळखीची आहे. नर्स वाईट नव्हती गं. तिने नियम सांगितला आणि खाली बसायची जागा दाखवली.

पुढचे दिवस आई रोज तिथे खाली बसायची. एका दुपारी पुतण्या जिन्यावरून आला आणि काका गेल्याचं त्याने मला सांगितलं. मी त्यांच्या कामावरचा, म्हणून मला सांगितलं. आई माझ्या शेजारीच बसली होती. तिला त्याने नमस्कारही केला नाही, कारण तिला तो ओळखतच नव्हता. पोचवायला बागेतली सगळी माणसं आली होती. आई त्यांच्यात मागे उभी राहिली.

तुझं पत्र तिच्या हातात दिलं. तिने दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, थोरलीचं अक्षर अजून किती सुरेख आहे.

तू रजा रद्द करू नकोस. ये.

तुझा,
धाकटा

*

९ जुलै

चि. थोरलीस,
अ. उ. आ.

तुझी तीन पत्रं आली. माझ्याने उत्तर लिहवलं नाही. हाताला काही झालेलं नाही, काळजी करू नकोस.

माझ्यामुळे झालं, माझ्यामुळे झालं, असं प्रत्येक पत्रात लिहितेस. तसं काही नाही असं मी लिहावं, म्हणून तू वाट बघत असशील. ते आज नाही जमायचं बाळ. उद्या जमेल कदाचित. पण माझा तुझ्यावर राग नाही, हे खरं आहे. थांबायला मीही तयार झालेच की. मला वाटलं, आपल्यापाशी पुष्कळ वेळ आहे.

मी बागेत जाते. गुडघे घरात बसू देत नाहीत. गुलाब या पावसात सगळे काळे पडलेत. परवा एका लहान मुलीने मला विचारलं, तळ्यात खरंच मासा झोपलाय का. मी हो म्हटलं.

एक गोष्ट धाकट्याला ठाऊक नाही, तुला सांगते, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप लागायची नाही. हॉस्पिटलात त्यांची खाट दाराला लागूनच होती. मध्ये नुसता पडदा. पडद्याखालून त्यांच्या चपला दिसत होत्या, मी ओळखल्या. आत त्यांना सारखा खोकला येत होता. नर्सने मला नातं विचारलं तेव्हा खोकला थांबला. ते ऐकत होते गं. मी ओळखीची म्हणाले. मग बराच वेळ आतून काहीच आवाज आला नाही.

रजा मिळून तू येशील तेव्हा माझी समजूत घालू नकोस. नुसती जवळ बस.

तुझीच,
आई