बंद असताना वीज खाणारा

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज प्रयोगशाळेत दोन नवे कॅल्क्युलेटर आले. आलेख काढणारे, शाळा-कॉलेजात लागतात ते. कोणाची बॅटरी जास्त टिकते आणि कोण किती वीज खातो, एवढंच ठरवायचं. एक काळापांढरा, जाडजूड, चार पेन्सिल सेलवर चालणारा. त्याचं नाव मी जाड्या ठेवलं. दुसरा रंगीत पडद्याचा, चार्जिंगवाला, दिसायला देखणा — तो रंगेल. साहेबांना असली नावं आवडत नाहीत. अहवालात 'अ' आणि 'ब' लिही म्हणाले. लिहीन, अहवालात लिहीन.

दुपारी दादाचा फोन. सोळा तारखेला, रविवारी, बाबांना न्यायला येतोय. त्याच्या घराजवळ एक संस्था आहे, चोवीस तास नर्स असते, तिथे जागा मिळाली म्हणे. मी म्हटलं, बाबा माझ्याकडेच राहणार. तो म्हणाला, "अगं, ते आता आहेत कुठे? त्यांना तू काय आणि तिथली नर्स काय, सारखीच." मी फोन आपटला. मोबाइल धड आपटताही येत नाही, हा त्याचा मोठा दोष आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

जाड्या वाटला होता त्यापेक्षा गुणी निघाला. नुसता आकडा दाखवत बसला तर जेमतेम वीज घेतो. आलेख काढायला लावला की मात्र दुप्पट-तिप्पट ओढतो, आणि काढून झाला की पुन्हा गप्प. रंगेलचा सगळा खर्च तोंडावर. पडद्याचा उजेड कमी केला की तोही माणसात येतो. पाच मिनिटं कळ दाबली नाही तर दोघंही आपणहून बंद होतात. पण आमच्या धंद्यात 'बंद' म्हणजे अगदी बंद नसतं. आतली आठवण जागी ठेवायला चिमूटभर वीज लागतेच. ती चिमूट केवढी, ते मोजायचं राहिलंय.

इथे कळा दाबायला यांत्रिक बोट आहे. साहेब म्हणाले, "बोट माणसासारखं दाबत नाही. माणूस मध्येच थांबतो, विसरतो, चहाला उठतो. घरी घेऊन जा." म्हणून दोघांना घरी आणलं, दोघांच्या मागे वीज टिपणारी डबी जोडून. रंगेल मी रोज संध्याकाळी वापरणार. जाड्याला हात लावायचा नाही, बंद ठेवून नुसता पडू द्यायचा. बाबांच्या खुर्चीशेजारच्या टेबलावर जागा होती, तिथे ठेवला.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गणिताचे मास्तर, सगळा जन्म फळ्यावर आलेख काढण्यात गेला. पक्षाघातानंतर वाचा गेली, उजवा हात गेला, आणखी काय काय गेलं ते कोणालाच सांगता येत नाही. डॉक्टर चित्रं पुढे धरतात. "यातलं केळं कुठलं, दाखवा बघू." बाबा खिडकीबाहेर बघतात. डॉक्टर मान हलवतात. बाबा धडधाकट होते तेव्हाही त्यांनी असल्या प्रश्नाला उत्तर दिलं नसतं. पण हे डॉक्टरला कोण सांगणार!

८ नोव्हेंबर, शनिवार

कशातच लक्ष नाही. कपाट आवरायला काढलं आणि तसंच सोडलं. रंगेलवर उगाच वर्तुळं काढत बसले.

१० नोव्हेंबर, सोमवार

साहेबांनी बोलावून घेतलं. मोठ्या प्रयोगशाळेत प्रशिक्षण, सहा महिने, दुसऱ्या शहरात. माझं नाव सुचवतायत. मी लगेच नको म्हटलं. त्यांनी कारण विचारलं नाही. त्यांना माहीत आहे.

घरी आले आणि बाबांच्या शेजारीच बसून मैत्रिणीला फोन लावला. सगळं ओकून टाकलं. "सहा महिने गं, फक्त सहा महिने! पण मी कुठली जाणार? पायात खोडा आहे माझ्या. दुपारी त्यांना भरवायला डबा अर्धा टाकून घरी पळायचं, पुन्हा धापा टाकत कामावर. यातच म्हातारी होणार मी." ती म्हणाली, "हळू बोल, बाबा ऐकतील." मी म्हटलं, "ऐकू दे, कळतंय कुठे त्यांना!"

असं मी म्हटलं. दादाशी भांडणारी मी.

११ नोव्हेंबर, मंगळवार

जाड्या नापास! डबीतले आकडे उतरवून घेतले. नुसत्या पडून राहिलेल्या यंत्राने सेल निम्म्यावर आणलेत. चिमूट कसली, चांगली मूठ आहे ही. साहेबांना म्हटलं, आत कुठेतरी गळती आहे, 'बंद असताना वीज खातो' असा शेरा मारूया. साहेब खूश. दुसऱ्याच्या मालात खोट सापडली की ते नेहमीच खूश असतात. कच्चा अहवाल लिहून दिलासुद्धा.

बाबांजवळ दिवसभर ज्या मावशी असतात, त्यांना घरी आल्यावर सहज विचारलं, या खोक्याला हात लावता का? "मला काय करायचंय ताई ते खोकं? माझा मोबाइल मला आवरत नाही."

१२ नोव्हेंबर, बुधवार

चुकले. सपशेल चुकले.

सकाळी डबीतल्या नोंदींची रेघ मोठी करून पाहिली. काल नुसती बेरीज पाहिली होती, रेघ पाहिलीच नव्हती. गळती असती तर ती एकसारखी दिसली असती, मंद, दिवसरात्र. ही तशी नाही. बराच वेळ काही नाही, आणि मग दुपारी, मावशींचा डोळा लागतो त्या सुमाराला, उंचवटे. बारीक उंचवटे म्हणजे कळा. त्यांच्यामागून एक मोठा, म्हणजे आलेख काढला. मग लांबलचक शांतता. पाच मिनिटं भरत येतात, आता यंत्र झोपणार, तेवढ्यात एक कळ. पुन्हा शांतता, पुन्हा झोपायच्या आत एक कळ. कोणीतरी विचार करत बसलंय आणि तोवर यंत्राला जागं ठेवतंय.

साहेब काहीतरी विचारत होते. मी पर्स उचलली आणि निघाले.

घरात मावशी सोफ्यावर घोरत होत्या. बाबा खुर्चीत, मांडीवर जाड्या, डावा अंगठा कळांवर. पडद्यावर अन्वस्त, म्हणजे पॅराबोला, त्यांचा लाडका, वाटीसारखा वर उघडलेला. मला पाहून दचकले नाहीत. वर्गात उशिरा आलेल्या मुलीकडे बघायचे तसं पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. मी उंबऱ्याशीच बसले आणि रडले. आनंदाने रडले. मावशी जाग्या होऊन विचारायला लागल्या, ताई, काय झालं? काय सांगू त्यांना!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काल संध्याकाळी दादाला फोन केला. "लहान मूलही बटणं दाबतं गं," म्हणाला. म्हणून आज परीक्षाच घेतली, मोबाइलवर चित्रण लावून. जाड्यावर एक अन्वस्त काढला, आडव्या अक्षाच्या वर अधांतरी लटकणारा. बाबांना म्हटलं, "अक्षाला टेकवा." वाटलं, खिडकीकडे बघतील. त्यांनी जाड्या ओढून घेतला, समीकरणातला शेवटचा तीन खोडला, तिथे शून्य घातलं. वाटी अलगद खाली उतरून टेकली. मग भुवई उडवली. एवढंच?

वर्गात कोणी नुसतं बडबडायला लागलं की म्हणायचे, "आधी काढ, मग बोल." आता त्यांचं काढणं तेवढं उरलंय.

चित्रण दादाला पाठवलं. ते बघून त्याचा फोन आला. "म्हणजे सगळं कळत होतं त्यांना?"

"हो. तू काय काय बोललास तेसुद्धा."

तो म्हणाला, "तसं असेल तर आपण दोघं कोण ठरवणारे? त्यांनाच विचारू. राहायचं म्हणाले तर मी एकटा परत जाईन."

जिंकले मी!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कच्चा अहवाल मागे घेतला. जाड्यात गळती नाही. साहेब म्हणाले, "मग सेल खाल्ले कोणी?" मी म्हटलं, "बाबांनी." चष्मा काढून बघत राहिले माझ्याकडे. सगळं सांगितल्यावर म्हणाले, "मग हीच खरी माणसाच्या हाताची चाचणी. आकडे फेकू नकोस." मी दारापर्यंत गेले तेव्हा म्हणाले, "प्रशिक्षणाचं नाव सोमवारी पाठवायचंय. अजून कोणाचंच दिलेलं नाही."

हे कशाला सांगितलं मला? नकोय ते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बाबांना अजून विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, उत्तर मला माहीत आहे. उद्या दादासमोरच विचारेन म्हणजे त्याचंही समाधान होईल.

सकाळपासून नुसती या खोलीतून त्या खोलीत. बाबा जाड्या घेऊन बसलेत, मध्येच वर बघतात. सोमवारचं ते फोनवरचं बोलणं डोक्यातून जात नाही. त्यांच्या शेजारीच बसले होते मी. मावशी म्हणाल्या, "ताई, जरा बसा तरी." बसले. लगेच उठले.

१६ नोव्हेंबर, रविवार

दादासमोर विचारलं. इथे राहायचं असेल तर एक दाबा, दादाबरोबर जायचं असेल तर शून्य. बाबांनी शून्य दाबलं. हात चुकला असेल म्हणून उलटं करून विचारलं: राहायचं तर शून्य, जायचं तर एक. त्यांनी एक दाबलं.

बाबांनी पडदा पुसला आणि न विचारताच आणखी एक आकडा दाबला. सहा. जाड्या माझ्यासमोर धरला.

दादा म्हणाला, "सहा? सहा काय?"

सहा महिने. फोनवर मीच तर म्हटलं होतं. उद्या साहेबांना हो सांगायचं.