प्रुदाँच्या वाटणीचा बांध

६ ऑगस्ट १९५५
आले एकदाची! लुइझियानाहून चार दिवस गाडीत बसून अंग आंबून गेलंय, पण मन नुसतं नाचतंय. दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी बायकोपोरांसकट जहाजात कोंबून हाकललेल्या आमच्या मूळपुरुषाचं, प्रुदाँ-आजोबांचं, हे समुद्रकाठचं फ्रेंच गाव. घरमालकीण व्हितालिनकाकूने दारातच विचारलं, कोणाची गं तू? मी धडाधड म्हणून दाखवलं: मी एल्मिर, ऑविदची; ऑविद झेनोंचा, असं थेट प्रुदाँपर्यंत. काकू रडायलाच लागली. मग बटाट्याची पाई इतकी वाढली की उठवेना.

८ ऑगस्ट
भरतीचं पाणी शेतांत शिरू नये म्हणून घातलेला खाडीचा बांध पाहिला. त्यात प्रत्येक घराण्याचा एकेक तुकडा, म्हणजे वाटणी; ती त्याच घराण्याने राखायची. बाकीची घराणी त्या हकालपट्टीच्या वेळी जंगलात लपून वाचली. प्रुदाँची वाटणी मात्र बेवारस, दरवर्षी फुटते. तुमच्या कशा टिकतात, विचारलं. काकू म्हणाली, अगं, आमची माणसं आत आहेत ना! थट्टेची तऱ्हा बघा यांची. मीही ऐटीत म्हटलं, आता मी आलेय, आमची वाटणी आम्ही राखू. सगळ्या पुरुषांनी टोप्या काढल्या. मला भरून आलं.

११ ऑगस्ट
थट्टा नव्हती. ओहोटीला शेजारच्या वाटणीची माती खचली होती. आत हात. बोटांनी चिखल घट्ट धरलेला — आणि बोटं हलली. म्हातारा देझिरे म्हणाला, घाबरतेस काय, माझी आजी आहे.
सामान बांधलं. बूट कोणीतरी नेलेत. दाराला बाहेरून कडी—

१३ ऑगस्ट
भरदुपार. कमरेपर्यंत चिखलात पुरलंय मला. गाव बांधावर उभं राहून प्रार्थना म्हणतंय. चिखल धरायला हात मोकळे ठेवलेत, वही काकूनेच दिली. किंचाळले तर रागावली: शब्द दिलास ना गं? आमच्या घरचं कोणी असं ओरडलं नव्हतं.
भरती लागली.
मी म्हटलं, सोडा हो, मला मुलगी आहे, एकोणीस वर्षांची. प्रार्थना थांबली. देझिरे म्हणाला, बाई, मग आधी नाही का सांगायचं! तरणं माणूस जास्त टिकतं. तिला बोलावून घे, पत्र लिहिलंस की ओढतो वर.
नाही लिहिणार. मेले तरी—

पाणी छातीशी. आई गं—

लिहिते. लिहिते!
लाडके नोएमी, इथली माणसं फार मायेची आहेत. मिळेल त्या गाडीने निघ. मी इथेच—