नऊ किलोंची भानगड

४ मार्च

ब्याऐंशी किलो! हॉस्पिटलच्या काट्यावर, चपला काढून, पर्स नवऱ्याच्या हातात देऊन, श्वास रोखून. श्वास रोखल्याने वजन कमी होत नाही हे एक्कावन्नाव्या वर्षी कळलं.

किडनीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्तगट जुळतोय, बाकीही सगळं जुळतंय. फक्त नऊ किलो उतरवून या. इतक्या वजनावर मी तुमची किडनी काढणार नाही." उतरवून या! जसं काही टेम्पोतलं सामान.

बारक्या, माझा धाकटा भाऊ, शेजारी बसून नखं बघत होता. चव्वेचाळीस वर्षांचा झाला तरी माझा बारक्याच. आठवड्यातून तीन दिवस चार-चार तास डायलिसिसच्या मशीनला जोडलेला. त्याच्या बायकोला शुगर आहे, तिला डॉक्टरांनी पहिल्याच फेरीत गाळलं. आई-बाबा नाहीत. उरले मी. मी आणि माझे नऊ किलो.

५ मार्च

लेकीने सूत्रं हातात घेतली. ती स्वतः रोज जिमला जाते, त्यामुळे जगातल्या सर्व जाड माणसांविषयी तिला सर्व काही माहीत आहे. फ्रिजवर तक्ता चिकटवला. सकाळी साडेपाचला चालणे, मग उठाबशा, मग हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन काहीतरी. "आई, मसल जाता कामा नये, फॅट गेलं पाहिजे." मी म्हटलं, कुणी जायचं आणि कुणी राहायचं हे त्यांना कसं सांगू? हसली नाही. आजपासून तिचं नाव जमादारीण.

६ मार्च

जिना उतरता येत नाही.

१४ मार्च

दिवसभर केकवर क्रीम चढवायचं आणि स्वतः काकडी खायची! बेकरीत तेवीस वर्षं झाली. बोटावर क्रीम घेऊन चाखल्याशिवाय एकही केक माझ्या हातून बाहेर गेलेला नाही. आता चाखणं बंद. आज मालकीणबाईंना म्हटलं, "तुम्ही चाखून बघा." त्या फोनवर होत्या, मान हलवली. मी समजले, चाखलं. तीन मजली केक सजवून पाठवला, कडेने गुलाब, वर सोनेरी मणी. संध्याकाळी गिऱ्हाईक परत हजर. क्रीममध्ये साखरच नव्हती!

मालकीणबाई म्हणाल्या, "तुमच्या डाएटवर आमच्या गिऱ्हाइकालाही ठेवताय का?" लाज वाटली. वर भूकही लागली होती.

२३ मार्च

एक किलो शंभर गेले. वीस दिवसांत. इतकं मरमर करून.

नवरा गेला आठवडाभर माझ्या सोबतीला म्हणून चालायला येतो. येतो म्हणजे, वाटेत भेटेल त्याच्याशी गप्पा मारत मागे राहतो. पेपरवाला, दूधवाला, कुत्र्यांना फिरवणारे पेन्शनर, सगळ्यांना माझं वजन ठाऊक झालंय. आज काट्यावर उभा राहिला आणि म्हणतो, "अगं, माझे तीन किलो कमी झाले की!" काही न करता! मी त्याच्यापुढे अंड्याची बशी आदळली.

२ एप्रिल

ओट्यावर आता मीठ-साखरेला जागा नाही. कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, माशाच्या तेलाच्या गोळ्या (ढेकर आला की आख्खी बाजारपेठ आठवते), प्रोटीनचा डबा, आणि नवीन एक पांढरी पावडर. पाण्यात ढवळायची, चव काही नाही. जमादारीण म्हणाली, "या वयातल्या बायकांना हे हवंच. ताकद टिकते. अगदी सेफ आहे, आई." घेतली. खरं सांगायचं तर आठवडाभरात फरक वाटला. क्रीमची बादली एका हाताने उचलली.

१९ एप्रिल

आज तोंड सुटलं माझं.

मी कामावरून आले तर बारक्या आमच्या सोफ्यावर. मशीनवरून थेट इकडे आलेला, दंडाला पट्टी. आणि मांडीवर चिप्सचं पाकीट! त्याला मीठ विष आहे. बटाटा विष आहे. पाणीसुद्धा मोजून. आणि नवरा समोर बसून त्याला क्रिकेट समजावतोय!

मी म्हटलं, "मी दीड महिना गवत चरतेय. उठते, बसते, धापा टाकते. कुणासाठी? आणि तू इथे चिप्स खातोस?"

तो पाकिटाकडे बघत म्हणाला, "ताई, मला तुझी किडनी नकोय."

"काय म्हणालास?"

"तुला काही झालं तर? मी कुठे तोंड दाखवू? मागे तुला जिन्यात बघितलं मी. कठड्याला धरून उभी होतीस. मला नाही बघवत. राहू दे ना. मशीनवर चाललंय माझं."

चाललंय म्हणे! गालफडं बसलीत, रंग राखेसारखा झालाय, तीन पायऱ्या चढला की टेकतो. मी पाकीट ओढून कचऱ्यात टाकलं. म्हटलं, "नको असेल तर काढून फेकून दे. पण मी देणार." मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. रागाने. बहुतेक रागानेच.

२० एप्रिल

बारक्याचा फोन. सॉरी म्हणाला नाही. "आज किती चाललीस?" एवढंच विचारलं. सहा किलोमीटर, सांगितलं.

२४ मे

शहात्तर किलो सहाशे. ब्लाऊज सैल, गाल लोंबायला लागलेत, आरशात माझी मावशी दिसते. जमादारीण म्हणते छान दिसतेस. नवरा म्हणतो, "जरा थकल्यासारखी." दोघांनी आधी आपसांत ठरवून मग माझ्याशी बोलावं.

१२ जून

बहात्तर किलो नऊशे!! तीनदा उतरून तीनदा चढले. लेकीने मला उचललं. खरोखर उचललं, जमिनीपासून! उद्या रक्त-लघवी तपासायला द्यायची. त्यासाठी कामाला सुट्टी घेतलीय.

१६ जून

नाही म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा बघितला. रक्तात क्रिएटिनिन नावाचं काहीतरी वाढलंय. किडनी साफसफाई नीट करत नसेल तर ते वाढतं म्हणे. मार्चमध्ये उत्तम होतं. "तुमची किडनी आम्ही घेऊ शकत नाही. आता तुमचीच जपायला लागेल." मी म्हटलं, पण मी नऊ किलो उतरवले! त्या म्हणाल्या, "मला कल्पना आहे." कसली कल्पना आहे?

बारक्याला मीच फोन केला. तो म्हणाला, "बरं झालं ताई. आता जेव नीट." आणि फोन ठेवला. त्याची बायको नंतर बोलली, तो बाथरूममध्ये आहे, नळ सोडून बसलाय.

१७ जून

चाललेही नाही, जेवलेही नाही. बेकरीत एका केकवरचं नाव तीनदा खरवडून परत लिहिलं.

२० जून

हॉस्पिटलच्या आहारवाल्या बाईंकडे पाठवलं, आता माझी किडनी सांभाळायची म्हणून. खातेय काय, पितेय काय, सगळं विचारलं. मग, "औषधं? पावडरी?" मी म्हटलं नाहीत. फॉर्मवरही 'चालू औषधे' पुढे मीच 'नाहीत' लिहिलं होतं. औषधं नाहीतच ना! गोळ्या त्या टॉनिकच्या, पावडर लेकीने दिलेली.

इतक्यात शेजारून नवरा. ज्याला मी तीस वर्षं सांगतेय की डॉक्टरांपुढे मध्ये बोलू नकोस! "अगं, ती पांढरी? रोज सकाळी ढवळतेस ती? एक चमचा घेते हो बाई, कधी दोन. बादल्या उचलते त्यामुळे." मी त्याच्या पायावर पाय दिला. त्याने पाय काढून घेतला आणि डब्याचं नावसुद्धा सांगितलं!

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, ही पावडर ताकदीची असते, तिचंच शरीरात क्रिएटिनिन होतं. आकडा वाढतो. किडनी बिघडलेली असेलच असं नाही. बंद करा, चार आठवड्यांनी परत तपासू. "हे आधी का नाही सांगितलं?"

काय सांगू? चव नव्हती तिला काही.

घरी आले ती लेकीवर ओरडायचं ठरवूनच. ती आधीच बाथरूमच्या फरशीवर बसली होती. बापाने फोन केला होता ना! पावडर बेसिनमध्ये ओतलेली, डबा हातात. "आई, माझ्यामुळे मामा..." म्हणत डब्यावर कपाळ टेकलं. मी तिच्याशेजारी बसले. गुडघे दुखले नाहीत बसताना, हे उगाच लक्षात आलं. म्हटलं, चार आठवडे आहेत, रडू नकोस. आणि मीच रडायला लागले.

१ जुलै

रोज चालते. पाणी पिते. वजन वाढू द्यायचं नाही, आकडा उतरू द्यायचा. कुणाच्या हातात आहे का हे?! नवरा आता वाटेत थांबत नाही. गपचूप शेजारून चालतो. हे तर आणखी वाईट.

१९ जुलै

नॉर्मल! मार्चमध्ये होता तोच आकडा. डॉक्टरीणबाई हसल्या. हसतात त्या! १२ ऑगस्टला ऑपरेशन. दारातून परत बोलावून म्हणाल्या, "तोवर साधी चहा-कॉफी सोडून एकही गोष्ट मला न विचारता घ्यायची नाही." नवरा म्हणाला, "मी लक्ष ठेवतो." आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या बडबडेपणाचे मी आभार मानले. मनात.

११ ऑगस्ट

हॉस्पिटल. उद्या सकाळी सातला नेणार. लेकीने जेवणाचा ट्रे तपासला, नवऱ्याने खाटेची चाकं. बारक्या दारात येऊन उभा राहिला, तोंडावर मास्क.

भीती वाटतेय. खूप. सगळ्यांना म्हटलंय वाटत नाही, म्हणून इथे लिहिते. आत गेले आणि उठलेच नाही तर? आणि उठले, पण त्याच्यात ती चाललीच नाही तर?

१३ ऑगस्ट

टाके ओढतात. फार लिहू नका म्हणाली नर्स. मघाशी बारक्याची बायको वरच्या मजल्यावरून धावत आली, धापा टाकत, आणि नवजात बाळाचा दाखवावा तसा मोबाईलवर एक फोटो दाखवला. वरच्या नर्सने काढून दिलेला. लघवीची पिशवी! बारक्याची! सव्वा वर्षात त्याला एक थेंब झाली नव्हती. "ताई, तीन लिटर! कालपासून तीन लिटर!" आम्ही दोघी त्या पिवळ्या पिशवीकडे बघून हमसून हमसून रडलो. तो फोटो मी माझ्या मोबाईलवर मागून घेतला.