बर्फाची रेघ

१८ जानेवारी, रविवार

पाऊस. इथला पाऊस धड भिजवतही नाही! चर्चात मिस्सा संपवून छत्री न उघडताच घरी आले. गॅलरीत कोथिंबीर हिरवीगार — जानेवारीत! आणि मान वर केली की डोंगर पांढरा. ढग एकच, पण खाली पाऊस आणि वर बर्फ. मधे एक रेघ. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी ती रेघ बघत बसते. तिच्या वर, बसने दीड तासावर, व्हॅलेरियन राहतो.

साठाव्या वर्षी हे असं खिडकीत बसणं! लाज वाटते थोडी. बरंही वाटतं.

२० जानेवारी

त्याचा फोन. "जुली, राखेच्या बुधवारच्या आत सांग. मग मी फादरशी बोलतो, ईस्टरनंतरची डेट तरी मिळेल." त्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत उपवासकाळ, त्यात आमच्यात लग्नं लागत नाहीत, म्हणून त्याची ही घाई.

लग्नाला माझी ना नाही. ना आहे ती बर्फाला. बावीस वर्षं याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, केंब्रिजला काढली — पहाटे उठून ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलने उपसायचा, मग कारच्या प्लांटमध्ये शिफ्ट. नवरा, जोसेफ, गेला तेव्हा डेस्मंडला सांगितलं, पोरा, आता मला समुद्र हवा. तर तो म्हणतो, "Mom, just go." आले. मी वसईची, मला खारा वारा लागतो. व्हॅलेरियनही वसईचाच! पण तो वर जाऊन बर्फाचा झाला. स्की-लिफ्ट दुरुस्त करतो. मी म्हणते खाली ये, तो म्हणतो वर ये.

२४ जानेवारी, शनिवार

वर जाऊन आले. वाटेत काचेवरचा पाऊस हळूहळू जाड झाला, मऊ झाला आणि मग त्याचा आवाजच गेला. केवढी शांतता तिथे! हवा नाकात टोचते, पण पाठीवर ऊन. कपडे दोरीवर कडक होतात आणि तरी वाळतात. माझ्याकडे तीन दिवस ओले, शिवाय कुबट वास.

त्याचा सुक्या बोंबलांचा डबा घरामागे बर्फात पुरलेला — शेजाऱ्यांना वास नको म्हणून! उकरून काढला, कालवण केलं. पोटभर जेवले. मग लिफ्टमध्ये बसवलं मला. खाली नुसते ढग. त्यांच्याखाली समुद्र, आणि तिथेच कुठेतरी माझी कोथिंबीर. तो माझं कोपर धरून होता.

खाली येऊन फोनवर म्हटलं, नाही रे जमणार.

२५ जानेवारी

वेलंकणी मातेची नऊ दिवसांची नोव्हेना धरली. मागणं एकच — माये, त्याला खाली आण. कसं ते तूच बघ.

२ फेब्रुवारी

नववा दिवस. उबदार पाऊस. रेघ वर सरकलीय!

५ फेब्रुवारी

अजून वर. डोंगर खालून तपकिरी दिसतो. इथे चेरीला कळ्या आल्या. मी गाणं गुणगुणत भांडी घासली. फोनवर तो म्हणाला, "वर पाऊस पडतोय ग. फेब्रुवारीत!" आवाज बारीक होता. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

९ फेब्रुवारी

रेघच नाही.

१२ फेब्रुवारी

आला. खाली आला! एक बॅग घेऊन. लिफ्ट बंद, सगळ्यांना ले-ऑफ. माझ्या टेबलाशी बसला. समुद्राकडे पाठ आणि डोळे त्या उघड्या डोंगरावर. एवढ्या मोठ्या हातांना काही काम नाही, तर टेबलावरचे पावाचे तुकडे गोळा करत होते.

"पार उत्तरेत, यूकॉनला मेकॅनिकचा जॉब आहे," म्हणाला. "मायनस थर्टी. तुला नाही आवडणार. तू म्हणशील तर इथेच वेअरहाउसमध्ये बघतो काहीतरी."

हेच तर मागितलं होतं मी! अगदी शब्दशः मिळालं. मग आज भांडी घासताना गाणं का सुचलं नाही? त्याला सांगितलंही नाही नोव्हेनाचं. कोणत्या तोंडाने सांगू? तो माझ्यापाशी बसलाय आणि मला त्याची आठवण येतेय — त्या डोंगरावरच्याची.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

उद्या राखेचा बुधवार. आज बूट घेतले. उणे चाळीसलाही चालणारे. दुकानातली मुलगी हसली — इथे कशाला लागणार हे? म्हटलं, इथे नाही. मग फुटपाथवर उभी राहून फादरना फोन लावला. मीच.