वाळलेले शेंडे

बाई,

काल एका मुलीनं तुमची नोंद चुकीची ठरवली, म्हणून हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पत्र पोचणार नाही हे मला कळतं. पण दोष तुमच्या नावावर जायला निघाला होता आणि तो तुमचा नाही.

मुलगी आपल्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेली, आता उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रातल्या झुडपांवर संशोधन करते. तुम्ही तिकडून, उत्तरेकडून आणलेल्या खुरट्या विलोचे सतरा नमुने स्कॅनिंगला न्यायला आली होती. आपल्या नदीकाठच्या वाळुंजाचं भावंड, पण घोट्याएवढं, असं तुम्ही वर्गात सांगायचात. निवृत्तीनंतरही मी आठवड्यातून दोनदा जाऊन नमुन्यांच्या कपाटातल्या डांबरगोळ्या बदलते, त्यामुळे किल्ली माझ्याकडे. तिनं कागदावर बसवलेल्या एका नमुन्याशेजारी तुमची त्या प्रवासातली वही उघडून ठेवली.

"मॅडम, हे मॅच होत नाहीये. वहीत लिहिलंय, शेंडे वाळलेले, बुडातून नवे कोंब. आणि शीटवर बघा ना, एकही डेड फांदी नाही. सतराच्या सतरा हेल्दी."

"मग?"

"मग बहुतेक त्यांनी वही नंतर लिहिली असेल, आठवणीतून. होतं असं."

"बाई आठवणीतून भाजीची यादीसुद्धा लिहीत नसत."

ती हसली. मी विनोद केला नव्हता. तिनं आपल्या यादीत तुमच्या नोंदीपुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं.

तिला हे कशासाठी हवं आहे, ते तिनं नीट समजावून सांगितलं. तिकडे भर हिवाळ्यात मधेच ऊब येते, कधी पाऊससुद्धा पडतो. अंगावरचा बर्फ वितळला की झुडपं उघडी पडतात, आणि थंडी परतली की शेंडे मरतात. एरवी वाढत्या उष्णतेनं टुंड्रा हिरवा होतो आहे, झुडपं उंच होत आहेत. पण असा एखादा हिवाळा आला की मधलाच एक पट्टा तपकिरी होऊन जातो. हे तुमच्या वेळीही घडत होतं का, आणि घडल्यावर झुडूप बुडातून सावरत होतं का, एवढंच तिला पाहायचं आहे. वही म्हणते, घडलं होतं. नमुने म्हणतात, काही झालं नव्हतं. ती नमुन्यांवर विश्वास ठेवणार. शंका आली तर नमुना पाहा, माणसाला विचारत बसू नका, हे तुम्हीच शिकवलंत.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी टाकळ्याचा नमुना कागदावर बसवून आणला, तेव्हा तुम्ही तो सगळ्या वर्गासमोर उचलून धरलात. "अगं, हे झाड आहे की कडब्याची पेंढी?" पुढे मला प्रयोगशाळेत नोकरी लागली, त्या दिवशी तुम्ही स्वतःच्या अवजारांच्या डब्यातली बारीक टोकाची कात्री काढून दिलीत. "ही धर. पेंढ्या बांधणं बंद कर." अभिनंदन वगैरे काही नाही.

उत्तरेकडून आलात आणि तापानं अंथरूण धरलंत. वर्तमानपत्रांत दाबून आणलेली ती झुडपं मी एकटीनं कागदांवर बसवली. शेंडे राखाडी, निष्पर्ण, हात लावला की मोडत. कागदाबाहेर येत, घाणेरडे दिसत. गळलेला तुकडासुद्धा टाकायचा नाही, कागदाच्या कोपऱ्यात पाकीट चिकटवून त्यात ठेवायचा, हा नियम मला पाठ होता. पण पाकिटानं कागद फुगतो. मेलेलं ठेवून काय करायचं, असं म्हणून मी सगळे शेंडे कापले आणि केराच्या टोपलीत टाकले.

त्यानंतरच्या रविवारी ते कागद घेऊन मी खडकीला तुमच्या क्वार्टरवर येते. तुम्ही कणकेची परात बाजूला सारून ओटा पुसता आणि एकेक कागद त्यावर मांडता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे, त्यामुळे नजरेपेक्षा बोटांनीच पाहता. शेवटच्या कागदावर हात ठेवून म्हणता, "छान. आता कुठं झाड दिसलं." इतक्या वर्षांत तुमच्या तोंडून मला मिळालेलं ते एकमेव 'छान'. तुम्हाला कळलं होतं की नाही, ते मला आजही ठरवता येत नाही. मी मात्र त्या शब्दाच्या जोरावर पुढची सगळी नोकरी केली.

आज सकाळी दहाला कपाट उघडलं. जुन्या चिठ्ठीवर खाडाखोड करायची नाही, खाली नवी चिकटवून सही करायची, ही आपली पद्धत. सतरा चिठ्ठ्या लिहिल्या. 'मूळ नमुन्याचे शेंडे वाळलेले होते. कागदावर बसवताना मी ते कापून टाकले. वहीतली नोंद बरोबर आहे.'

मुलगी आली, तिनं वाचलं. "मॅडम, एका शीटवर लिहिलं असतं तरी चाललं असतं."

"सतरांचे कापले, सतरांवर लिहिलं."

तिनं भिंग काढलं. प्रत्येक फांदीवर तिरका, स्वच्छ काप. खाली, बुडाशी, तुम्ही लिहिलेले कोंब. "केवढे होते शेंडे?"

"करंगळीएवढे. काही मोठे."

"नक्की?"

"नाही."

तिनं 'नक्की नाही' असं लिहून घेतलं. मुलगी बरी आहे. मग माझ्यासमोर ते प्रश्नचिन्ह खोडलं.

आज दुपारी दिलं ते असं. विलोचे कागद सतरा, प्रत्येकावर नवी चिठ्ठी. तुमची वही एक. वाळलेले शेंडे नाहीत. पोच म्हणून तिची सही घेतली.

कशानं कापले, हे तिनं विचारलं नाही. कात्री माझ्या पर्समध्येच होती. ती तुम्ही दिली होतीत, हे मी सांगितलं नाही.