ओल्या धावपट्टीवर जोरातच टेकावे लागते

शनिवार, दिनांक २३ ऑगस्ट २०२५ रोजी सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी माझा पुतण्या समीर याने मला न विचारता, माझ्या नावाने विमान कंपनीकडे तक्रार केली. म्हणून मी, श्रीमती मालिनी चंद्रकांत दिघे, वय एकाहत्तर, राहणार इंदिरा नगर, लखनौ, विमानतळाच्या टॉवरमधून निवृत्त झालेली हवाई वाहतूक नियंत्रक, पूर्ण शुद्धीत आणि पुरेशा रागात हे मृत्युपत्र लिहिते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तसा आणणारा अजून भेटायचा आहे. आधीची मृत्युपत्रे रद्द.

१. आधी आभार. त्या दुपारी समीर आणि मी विमानाने पुण्याहून आलो तेव्हा इथे पाऊस कोसळत होता. कॅप्टन दीप्ती निगम यांनी विमान दणकन टेकवले, आणि तेच बरोबर होते. पट्टीवर पाणी असताना अलगद उतरले, तर चाके पाण्यावर तरंगतात आणि ब्रेक नुसतेच दाबले जातात. चाकांनी पाणी फोडून पट्टी पकडली, वर विमानाचे वजन आले, तरच ब्रेक लागतात. त्यात टायरचे रबर पट्टीवर बसलेले असते. ते भिजले की साबण. नोकरीभर मी वैमानिकांना पट्टीची अवस्था कळवली. ऐकून नीट उतरणारे हात मला ओळखता येतात. मी हे लिहायला जिवंत आहे ती त्या हातांमुळे.

समीर शेजारी ओरडला, "काकू, कमर टूट जाती आपकी!"

"कंबर जागेवर आहे. माझा हात सोड, निळा केलास."

दाराशी कॅप्टन म्हणाल्या, "सॉरी मॅम, ज़रा ज़ोर से लगा."

"बेटा, ज़ोर से ही लगना चाहिए था. थँक यू."

२. तक्रारीत मात्र "लेडी पायलट" आणि "आंटी के स्पाइन में चोट" असे आहे. माझा मणका कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी घडवला आहे, एवढ्याने हलत नाही. कंपनीने चौकशी होईपर्यंत कॅप्टनची उड्डाणे बंद केली. तक्रार माझी नाही असे मी कळवले, तर कंपनीला वाटते, म्हातारीला कोणीतरी धमकावले. आता समीरनेच कबूल करायला हवे. तो म्हणतो, "छोड़िए ना काकू, वाउचर मिलेगा."

३. बँकेतली सर्व शिल्लक समीरची बायको पूर्वा हिला. "काकू, खरंच लागलंय का?" असे घरात तिने एकटीने विचारले.

४. यजमान रेल्वेत इंजिनिअर होते. त्यांची हत्यारे शेजारच्या ऋचाला. उसना नेलेला पाना ती पुसून परत आणते.

५. निवृत्तीच्या वेळी मिळालेली माझी दुर्बीण कॅप्टन दीप्ती यांना, कृतज्ञतेने.

६. घर समीरचेच असावे ही माझी इच्छा. यजमानांच्या शेवटच्या आजारात त्याने त्यांना उचलून आंघोळ घातली. त्याचे उपकार मी विसरलेले नाही. पण एक अट आहे. समीर, तक्रार तू लिहिलीस आणि इजा खोटी आहे, असे कंपनीला सहीनिशी कळव. नाहीतर घर माझी भाची कांचन हिला जाईल. कंपनीला पाठवलेल्या पत्राची प्रत आणि मला लेखी उत्तर, दोन्ही मंगळवार, ३० सप्टेंबर २०२५ रोजी सायंकाळी पाचच्या आत माझ्या हातात हवीत. व्हॉट्सॅपवरचे जोडलेले हात उत्तर धरले जाणार नाहीत.

मालिनी चंद्रकांत दिघे (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
१. विनय रस्तोगी, इंदिरा नगर (सही)
२. आत्माराम गद्रे, महानगर (सही)

लखनौ, ६ सप्टेंबर २०२५