आपांना गेलेली चाचणी

सोम. ३ नोव्हें.
पॅरिसच्या बाईंची मेल. क्रीम, सिरम, लिपस्टिक, सगळा मजकूर फ्रेंचमधून थेट अरबीत हवा, मधे इंग्रजी नको. दुबईची गिऱ्हाइकं म्हणतायत, वाचताना यंत्राने लिहिल्यासारखं वाटतं. वाटणारच. दोन वर्षं यंत्रानेच लिहिलंय. १४ तारखेपर्यंत माणूस दाखवा, नाहीतर काम दुसरीकडे. अंधेरीचं हे भाषांतराचं ऑफिस निम्मं याच कामावर चालतं. ऑफिस म्हणजे मी आणि स्मिता. तिला म्हटलं, अनुवादकांची जुनी यादी काढ, सगळ्यांना चाचणी पाठव.

बुध. ५
सात उत्तरं आली. सातही सारखी, यंत्रातूनच काढलेली. मला अरबी येत नाही, पण सारखं दिसलेलं कळतं. वाट लागली.

गुरु. ६
स्मिताच्या यादीत हमीदाआपाही होत्या. तिला काय माहीत, ती नवीन. चाचणी त्यांनाही गेली!
चाचणीतला तो सात ओळींचा उतारा आपांनीच तर निवडलेला, घाटकोपरच्या जुन्या ऑफिसात. आपा रत्नागिरीच्या, नवऱ्याच्या नोकरीपायी बारा वर्षं ट्युनिसला, मग जोगेश्वरी. क्रीमचा नमुना आला की आधी मनगटाला लावायचा, चहा होईपर्यंत थांबायचं, मगच लिहायला बसायचं. "चिकट की मऊ ते हाताला विचार गं, कागदाला काय कळतंय?" मी फ्रेंच मोठ्याने वाचायची, त्या येरझाऱ्या घालत अरबी सांगायच्या. संध्याकाळपर्यंत दोघींच्या कोपरापर्यंत पट्टेच पट्टे. कामात इतकी मजा नंतर कधी आली नाही. फार आठवण येते त्या टेबलाची.

शनि. ८
चारदा नंबर काढला, लावला नाही. दोन वर्षांपूर्वी मीच त्यांना सांगितलं, "आपा, अरबीचं काम बंदच झालं हो." काम चालू होतं. यंत्राला दिलं होतं. लाज वाटते, बास.

सोम. १०
आपांनी चाचणी पाठवली. सोबतचा फॉर्मही नीट भरलेला, नवख्या उमेदवारासारखा.
अनुभव : सतरा वर्षं.
आधीचं काम का सोडलं : काम बंद झाल्याचे कळवण्यात आले.
टोमणा नाही, काही नाही. जास्त लागलं.

बुध. १२
स्मिताने नावं काढून सगळे अनुवाद पॅरिसला धाडले होते. बाईंनी आपांचाच निवडला. "मॅडम, झकास ना!" स्मिता.

गुरु. १३
"आपली निवड झाली आहे" असं टाइप केलं, खोडलं. रिक्षा करून जोगेश्वरीला गेले.
आपा थकल्यात. केस पूर्ण पांढरे. "उमेदवाराच्या घरी कोण येतं गं?" म्हणाल्या, पण आत घेतलं.
एका दमात बोलून टाकलं. आपा, मी खोटं बोलले. काम होतं.
"ठाऊक आहे. भाचा दुबईहून त्याच क्रीमची डबी घेऊन आला होता. आतला कागद वाचला मी." मग बशी पुसायला घेतली. "यंत्राला दिलंस त्याचं नाही गं. मला सांगितलं असतंस तर हसलो असतो दोघी."
मला रडू आलं. त्यांनी नॅपकिन पुढे केला.
म्हटलं, घ्याल ना काम? उद्या शेवटचा दिवस.
"विचार करून कळवते."
नापास झालेल्यांना आम्ही दोघी हेच सांगायचो. तरी लिफ्ट येईपर्यंत दारात उभ्या होत्या.